बांधाचं झाड अंगणात

१

घराला छप्पर नव्हतं, तरी नाकिट्टोने दाराला कुलूप लावलं होतं.

मॅजिस्ट्रेट अमोडिंगबाईंनी ते कुलूप पाहिलं, मग वरचं मोकळं आभाळ पाहिलं. जागेची पाहणी करायला जाताना त्या स्वतःचं पाणी स्वतःच्या बाटलीतून नेत आणि कुणाच्या घरचा घोटही घेत नसत. मूळच्या त्या देशाच्या ईशान्येकडच्या, तेसो भागातल्या. बुगांडातल्या कोर्टांमध्ये त्यांची निम्मी हयात गेली होती, तरी इथली भाषा त्या अजून सावकाश बोलत, जणू प्रत्येक शब्द शपथेवर सांगायचा आहे.

"पत्रे कुणी नेले?" त्यांनी विचारलं.

"वालुसिंबीनं," नाकिट्टो म्हणाली. "मी रताळी खणून आले, तर दोन माणसं छपरावर. तो खाली बसलेला, माझ्याच खुर्चीत. वरच्यांना सांगत होता, खिळे वाकवू नका रे, खिळेही आता माझेच आहेत."

"आणि तुमचे यजमान?"

"फणसाला टेकून उभे. मी विचारलं, हा काय म्हणतोय? तर म्हणाले, विकलं. तू अंगठा दिलास की."

अंगठा तिने दिला होता, हे ती नाकारत नव्हती. सरकारी कॉफीची रोपं मिळणार आहेत, असं सांगून मायांजाने तिच्याकडून तो घेतला होता. रोपं आली नाहीत. आला तो वालुसिंबी, हातात विक्रीचा कागद घेऊन: घर, केळीची बाग, कॉफीचा तुकडा, सगळं मायांजाने राजीखुशीने विकलं, बायकोची संमती, गावच्या चेअरमन बोसाची साक्ष.

नाकिट्टोचं म्हणणं वेगळं होतं. विक्री झालीच नाही. एका बाजूला वालुसिंबीची कॉफीची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला तिचं घर, अशी ओम्वेसोच्या, म्हणजे खळग्यांत बिया फिरवायच्या खेळाच्या, पटावर पैज लागली आणि मायांजा हरला. पैज वसूल करून द्यायला या देशाचं कोर्ट बांधलेलं नाही. म्हणून विक्रीचा कागद केला.

"तुम्ही पाहिलंत?"

"ओम्वेसो चालतो त्या झाडाखाली बायका जात नाहीत, न्याबो."

"मग पैज होती कशावरून?"

"मायांजा हरला की जेवत नाही. त्या दिवशी जेवला नाही."

अमोडिंगबाईंनी हे लिहून घेतलं नाही. नवऱ्याचं न जेवणं हा पुरावा झाला असता, तर देशातली निम्मी लग्नं कोर्टात मोडली असती. त्या बांधावरून चालू लागल्या. बांधावर लुवान्यीची रांग होती, बोटभर जाड दांड्यांवर लांब पानांचे झुबके. शहरातले लोक हेच झाड कुंडीत लावून दिवाणखान्यात मिरवतात. खेड्यात त्याचं एकच काम, तुझं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते सांगायचं. या बांधावरच्या पानांना मात्र मधोमध पिवळा पट्टा होता. शेजारच्या बांधांवरची पानं निव्वळ हिरवी.

एका झाडाचा शेंडा कापलेला होता. काप जुना होऊन सुकला होता आणि त्याच्या खालून दोन नवे कोंब फुटले होते.

"हे कुणी कापलं?"

"शेळीनं खाल्लं असेल."

"शेळी कोयत्यानं खात नाही," अमोडिंगबाई म्हणाल्या आणि अंगणात परतल्या.

अंगणाच्या मधोमधही एक पट्टेवालं लुवान्यी होतं, चांगलं वाढलेलं. त्याच्या खोडावर गुडघ्याच्या उंचीला एक खाच होती, तिच्यात शेळीचं दावं अडकवलं होतं. कमरेच्या उंचीला दुसरी खाच होती, तिच्यातून दाराच्या चौकटीपर्यंत दोर ताणला होता. त्यावर मुलांचे सदरे वाळत होते.

"ही पट्टेवाली माझ्या नवऱ्यानं आणली," कुणीतरी म्हणालं. "सेसे बेटांवरून. होडीत मांडीवर घेऊन."

बांधाच्या पलीकडे एक म्हातारी जमिनीवर बसून चटई विणत होती. तिने मान वर केली नव्हती.

"ही जज्जा नालुमान्सी," नाकिट्टो म्हणाली. "खाली दलदलीपाशी राहते. दुपारी आमच्याकडेच जेवते. पूर्वी ही जमीन तिच्या मुलाची होती."

"त्यानं मायांजाला विकली," म्हातारी म्हणाली. "कागद आहे. चेअरमन बोसानंच केला." तिने चटईची एक पट्टी दाताने तोडली. "बोसाचं अक्षर फार सुरेख आहे."

नाकिट्टो अमोडिंगबाईंसमोर गुडघे टेकून बसली. इथल्या बायका आभार मानतानाही असंच बसतात आणि भीक मागतानाही. "न्याबो, आज तुम्ही निकाल देणार. मी जास्त मागत नाही. पैज म्हणजे विक्री नव्हे, एवढंच म्हणा. बाकी माझं मी बघेन."

म्हातारीचे हात थांबले. तिने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"हो, न्याबो," ती म्हणाली. "एवढंच म्हणा."

२

कोर्ट भरलं वालुसिंबीच्या अंगणात. चेअरमन बोसाने खुर्च्या तिथे मांडल्या होत्या, कारण गावात इतक्या खुर्च्या आणखी कुणाकडे नव्हत्या.

वालुसिंबी अंगाने आडवा आणि चेहऱ्याने आनंदी माणूस होता. त्याने वकील दिला नव्हता. "वकील खोटं बोलायचे पैसे घेतात," तो म्हणाला, "मी फुकट बोलतो." अंगणभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसला मायांजा.

अमोडिंगबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. उंच, देखणा, पायात फाटक्या चपला. जमीन विकून पैसा हाती आलेला माणूस निदान चपला घेतो.

वालुसिंबी, मायांजा आणि बोसा, तिघांनाही त्यांनी आधी सगळ्यांसमोर विचारलं. कधी ठरलं, कुठे बसलात, कागद कुणी लिहिला, पैसे कुणी कुणाच्या हातात दिले. तिघांची उत्तरं शब्दाला शब्द जुळली. इतकी जुळली, की बोसा बोलत असताना मायांजाचे ओठ हलत होते. तीन माणसांना एक गोष्ट इतकी सारखी आठवते, तेव्हा ती आठवण नसते, पाठांतर असतं. पण पाठांतर हा गुन्हा नव्हे.

मग त्यांनी तिघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात पाठवलं आणि एकेकाला तिथल्या एका फणसाच्या झाडामागे बोलावलं.

"चेअरमन, जमीन घेणाऱ्यानं साक्षीदारांना जेवू घालायचं असतं ना?"

"अलबत! त्याशिवाय कागदाला चव येत नाही."

"त्या दिवशी काय जेवलात?"

बोसा क्षणभर अडखळला, पण खाण्याच्या विषयात त्याची कल्पनाशक्ती तेज होती. "बकरं, न्याबो. मान माझ्या वाट्याला आली. चेअरमनला मान देतात."

वालुसिंबी आला. "काय खाऊ घातलंत?"

"मासा. सरोवरातला मोठा. शेंगदाण्याच्या रश्शात." त्याने बोटंसुद्धा चाटल्यासारखं केलं.

मायांजा आला. त्यालाही त्यांनी तेच विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "भूक नव्हती."

तीन माणसांपैकी हा एकच खरं बोलला, हे अमोडिंगबाईंना कळलं. नाकिट्टोचं बोलणं त्यांना आठवलं आणि मघाशी ते लिहून घेतलं नाही, याची थोडी लाज वाटली.

"मुलं किती तुम्हाला?"

"चार."

"झोपतात कुठे?"

"आत. छप्पर नाही, पण भिंती आहेत की."

"खरं सांगितलंत, तर घर परत मिळेल."

मायांजा हसला. त्या हसण्यात लाचारी नव्हती, उलट बाईंचीच कीव होती. "न्याबो, तुम्ही ओम्वेसो खेळता?"

"नाही."

"मग कसं सांगू? समजा हं, समजा कुणी पटावर हरला. आणि मग बायकोच्या पदराआडून कोर्टात रडला, की ती पैज होती, ती धरू नका. त्याला जमीन मिळेल. पण त्याच्यासमोर पुन्हा कोण पट मांडेल? जमीन नसलेला माणूस जगतो. मजुरी करतो, कुणाच्या ओसरीवर निजतो. ज्याच्यासमोर कुणी पट मांडत नाही, तो मेला."

"आणि मुलं?"

"मुलं मोठी होतील. त्यांना कुणी म्हणणार नाही, तुझ्या बापानं शब्द फिरवला."

तो मागे न पाहता निघून गेला. वालुसिंबीची खुर्ची उन्हात आली होती. जाता जाता त्याने ती उचलून सावलीत ठेवली.

अमोडिंगबाईंनी तिघांनाही समोर उभं केलं आणि बकरं, मासा आणि उपास एकामागून एक वाचून दाखवले. गावकरी हसू दाबू लागले. वालुसिंबीने हसू दाबलं नाही.

"पोटाला कुठली आलीय स्मरणशक्ती, न्याबो! कुणी बकरं म्हणालं, कुणी मासा. कागद तर एकच म्हणतो ना?"

तो बरोबर बोलत होता. पोटाच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. कागदावर सही होती, अंगठा होता, साक्षीदार होता, आणि हरलेला माणूस स्वतः जिंकणाऱ्याच्या बाजूने उभा होता. निकालाची वही उघडण्याशिवाय आता काही उरलं नव्हतं.

त्यांनी ती उघडली. तेव्हा पानावर एक लांबट सावली पडली. त्यांनी सावलीचं झाड शोधायला मान वळवली, आणि वही मिटली.

३

वालुसिंबीच्या अंगणाच्या मधोमध, विटांच्या कुंपणात, लुवान्यीची सात-आठ झाडं होती.

शोभेला लावलेली झाडं एका जातीची असतात, एकाच वेळी लावलेली असतात. ही तशी नव्हती. एकाची पानं रुंद, एकाची अरुंद, एकाच्या कडा नागमोडी. एक छपराला टेकलेलं, एक खांद्याएवढं. सगळ्यात शेवटचं नुकतंच रुजलेलं होतं, आणि त्याच्या पानांच्या मधोमध पिवळा पट्टा होता.

"सेबो," अमोडिंगबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगणाच्या मधोमध तुमची सीमा संपते का?"

"म्हणजे?"

"बांधाचं झाड इथे काय करतंय?"

"शोभा! तुमच्या शहरात नाही का लावत?"

"पट्टेवालं तर मायांजाच्या बांधावरचं आहे. कलम असल्यावर पट्टा जसाच्या तसा येतो. तिथला एक शेंडा कापलेला आहे."

"मग? जमीन विकत घेतली, आठवण म्हणून फांदी आणली. जमीन माझी, फांदी माझी. फांदी चोरली म्हणून आता खटला भरणार का?"

पुन्हा हशा. पण या वेळी तो विरळ होता, आणि मागच्या रांगेतले काहीजण हसलेच नाहीत. अमोडिंगबाईंनी ते टिपलं. त्या कुंपण ओलांडून आत गेल्या आणि पहिल्या झाडाला त्यांनी हात लावला. गर्दीतल्या एका सायकलवाल्याने मान खाली घातली. त्या दुसऱ्या झाडापाशी गेल्या. एका पांढऱ्या टोपीवाल्याने मान खाली घातली. तिसऱ्याला एक जोडपं खाली पाहू लागलं, त्यातली बाई डोळे पुसत होती. झाडागणिक एक मान खाली जात होती. अमोडिंगबाईंना वाटलं, आपण झाडांना नाही, माणसांनाच हात लावत चाललो आहोत.

मग त्या वाकल्या. पट्टेवाल्या खोडावर दोन आडवे वण होते, एक खाली, एक वर. साल दबून, भरून येऊन झालेले. शेजारच्या खोडावर तसेच दोन वण. त्याच्या शेजारीही. त्यांनी कमरेची ओढणी सोडून पट्टेवाल्या खोडावरच्या दोन वणांमधलं अंतर मोजलं, आणि तीच ओढणी दुसऱ्या खोडांना लावून पाहिली.

अंतर सगळीकडे एकच होतं.

"चेअरमन," त्या म्हणाल्या, "गावातला ओम्वेसोचा पट आणा."

बोसाने घसा खाकरला. "पट मोडला, न्याबो."

"दुसरा?"

"दुसरा... वाळवीनं खाल्ला."

"बुगांडातल्या एवढ्या मोठ्या गावात ओम्वेसोचा एकही पट नाही?"

वालुसिंबी नखं पाहत होता. नाकिट्टो एकेका पुरुषाच्या तोंडाकडे पाहत होती, आणि एकेक पुरुष दुसरीकडे पाहत होता. तिचा नवरा आभाळाकडे पाहत होता.

मागची गर्दी बाजूला सरली. जज्जा नालुमान्सी येत होती, डोक्यावर काळपट लाकडाचा जाड पट, एक हात त्याच्या कडेला. ती सरळ पुढे आली आणि तिने पट अमोडिंगबाईंच्या पायांपाशी दाणकन टाकला. खळग्यांतल्या काळ्या बिया उडून धुळीत पसरल्या.

"म्हातारे!" बोसा ओरडला. "बाईमाणसानं पटाला हात लावायचा नसतो!"

"बाईमाणूस होते तेव्हा नाहीच लावला," म्हातारी म्हणाली. "आता नुसती म्हातारी आहे."

४

अमोडिंगबाईंनी पट उलटा केला. खालच्या बाजूला, पट जमिनीवर नीट टेकावा म्हणून, दोन आडव्या लाकडी पट्ट्या कोरलेल्या होत्या. कोर्टाच्या शिपायाने त्यांच्या सांगण्यावरून पट उभा धरला आणि पट्टेवाल्या खोडाला टेकवला. खालची पट्टी खालच्या वणात बसली. वरची पट्टी वरच्या वणात बसली.

त्यांनी तो दुसऱ्या झाडाला लावायला सांगितला. मग तिसऱ्या. पुढच्या झाडापाशी शिपाई आपणहून गेला.

"आता मी सांगते," त्या म्हणाल्या, "आणि चुकलं तर सेबो वालुसिंबींनी मला थांबवावं. फांदी आठवण म्हणून आणली असती, तर ती सरळ कापून सरळ लावली असती. ही फांदी कापल्यावर आणि लावण्याआधी पटाखाली होती. पटावर माणसं कोपर टेकतात, बिया आपटतात, अर्धा दिवस वजन पडतं, आणि लुवान्यीचं खोड कोवळं असतं. जमीन विकताना कुणी खेळत बसत नाही. विकताना फांदी पटाखाली जाण्याचं काही कारण नाही. मग कशासाठी जाते? मला वाटतं, जमीन उचलून पटावर ठेवता येत नाही, म्हणून."

वालुसिंबीने त्यांना थांबवलं नाही. जज्जा नालुमान्सीने पुढचं सांगितलं.

"ज्याची जमीन लागली, त्यानं बांधावरची फांदी आणायची. पट तिच्यावर मांडायचा. जिंकणाऱ्यानं ती आपल्या दारात लावायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. त्याशिवाय जिंकणं पुरं होत नाही. कागद विक्रीचा करायचा, म्हणजे कोर्ट पाळतं. आणि फांदी अंगणात लावायची, म्हणजे गाव पाळतं."

"तुम्ही दोन्हीकडे खाल्लंत, सेबो," अमोडिंगबाई म्हणाल्या. "कागदावर सौदा, अंगणात विजय. फांदी चुलीत घातली असतीत, तर मी आज तुमच्या बाजूनं निकाल दिला असता."

"चुलीत?" वालुसिंबी पहिल्यांदाच रागावला. "जिंकलेली फांदी चुलीत? मी चोर आहे का? मीही गिरणी लावली होती, न्याबो! हरलो असतो, तर गिरणीची किल्ली ह्याच्या हातात दिली असती. ह्यालाच विचारा."

"दिली असती," मायांजा लगेच म्हणाला. एवढं बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. बोसाने कपाळावर हात मारला.

"आणि मला एक सांगा," वालुसिंबी म्हणाला. आता तो गावाशी बोलत होता. "तुमचा कायदा माणसाला विकून खाऊ देतो. दारूत बुडवू देतो. चर्चला दान देऊ देतो, मुलं उपाशी ठेवून. ते सगळं चालतं. दोन शहाणी माणसं, कुणाची जबरदस्ती नाही, सगळ्यांदेखत एका खेळावर शब्द देतात, तो मात्र चालत नाही? शब्द पाळायला लावणं हे कोर्टाचं काम नाही, तर काम काय त्याचं?"

"विकणाऱ्याच्या हाती काहीतरी येतं," त्या म्हणाल्या. "थोडं असेल, पण येतं. पैजेत एकाचं घर जातं आणि त्याच्या हातात काही येत नाही. न दुसऱ्यानं काही पिकवलेलं असतं, न काही बांधलेलं असतं. तुम्ही तुमचा शब्द आपसात पाळा, मी कोण थांबवणार? पण चार मुलांच्या डोक्यावरचे पत्रे काढायला तुम्ही माझा शिक्का मागू नका. तो मी देणार नाही."

त्यांनी वही उघडली आणि उभ्याने निकाल सांगितला. कागद विक्रीचा नाही, पैजेचा आहे. पैजेतून जमिनीवर हक्क उत्पन्न होत नाही, मग ती जिंकणारा कुणीही असो. घर वालुसिंबीचं नाही, ते नाकिट्टो आणि तिच्या मुलांच्या ताब्यात राहील, पत्रे परत बसवून द्यावेत.

नाकिट्टोने गुडघे टेकले. ती अमोडिंगबाईंच्या बुटांवरची धूळ हाताने पुसू लागली, आणि त्यांना ते आवडलं नाही आणि आवडलंही. मायांजा मात्र वालुसिंबीपाशी जाऊन हळूच म्हणाला, "मी ह्यात नाही, हे लक्षात ठेव. माझ्याकडून घर तुझंच."

वालुसिंबीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा राग गेला होता. चेहरा पुन्हा आनंदी झाला होता, आणि अमोडिंगबाईंना तो आनंद समजला नाही.

"निकाल मान्य आहे, न्याबो," तो म्हणाला. "पैजेतून हक्क नाही, जिंकणारा कुणीही असो. असंच म्हणालात ना? कुणीही?"

"कुणीही."

"बघा, गावकरी हो. कुणीही." तो जज्जा नालुमान्सीकडे वळला आणि त्याने तिला पट डोक्यावर चढवायला स्वतः मदत केली. "चल, जज्जा. जड आहे, सांभाळून."

५

म्हातारी पुढे आणि सगळं गाव मागे. ती नाकिट्टोच्या अंगणात शिरली तेव्हा कुठे अमोडिंगबाईंच्या डोळ्यांसमोर ते दावं आणि तो दोर आला. गुडघ्याची खाच. कमरेची खाच. सकाळी ह्याच झाडाची पानं त्यांनी पाहिली होती, पट्टा पाहिला होता, आणि खाचांमध्ये फक्त शेळी आणि सदरे पाहिले होते.

म्हातारीने शेळी सोडली. मग मुलांचे सदरे एकेक करून काढले, घडी घातली, उंबऱ्यावर ठेवले. दोर सोडला. पट खोडाला लावला.

खालची पट्टी खालच्या खाचेत बसली. वरची पट्टी वरच्या खाचेत बसली.

"माझा किझा," जज्जा नालुमान्सी म्हणाली, "मायांजाशी खेळला. मायांजा तेव्हा हमाल होता, त्याच्याकडे लावायला एक सायकल होती. सायकलीसमोर माझ्या पोरानं ही जमीन लावली. मला अंगठा द्यायला सांगितलं, कशासाठी ते आठवत नाही. औषधाची फवारणी होणार होती, की काय. हरला तेव्हा हाच मायांजा त्याला म्हणाला, विकली असं लिही, म्हणजे तुझी अब्रू राहील. पोरगं कंपालाला गेलं. तिथे भाड्याची मोटरसायकल चालवता चालवता मेलं. अब्रू राहिली."

"जज्जा," नाकिट्टो म्हणाली. "मला काय माहीत! मी लग्न होऊन आले, तेव्हा हे झाड इथेच होतं. मला सांगितलं विकत घेतली."

"खरं आहे. तुला सांगितलं."

"मी तुला रोज जेवायला घालते. माझ्या मुलांच्या आधी तुझं ताट वाढते, जज्जा!"

"वाढतेस. माझ्याच बागेतली केळी असतात. चांगली शिजवतेस, मी कधी नाव ठेवलं नाही." म्हातारी अमोडिंगबाईंकडे वळली. तिच्या आवाजात ना विजय होता ना कडवटपणा, फक्त फार दिवस तोंडात धरून ठेवलेली गोष्ट ठेवायला जागा मिळाल्याची सुटका होती. "न्याबो, मी सगळ्या मॅजिस्ट्रेटांना विचारलं. सगळे म्हणाले, कागद विक्रीचा आहे, पैज होती हे सिद्ध कर. मला सिद्ध करता आलं नाही. तुम्ही केलंत. आता माझा अर्ज घ्या."

जमिनीचा दावा बारा वर्षांत लावता येतो. अमोडिंगबाईंनी झाडाकडे पाहिलं. त्याची उंची, खोडावर गळून गेलेल्या पानांच्या कड्या, त्यांच्यामधलं अंतर. बारा झाली नव्हती. कुणी त्यांना हे मोजायला सांगितलं नव्हतं. पण एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि आजवर त्यांना ते आपलं भूषण वाटत आलं होतं.

"कारकून," त्या म्हणाल्या, "अर्ज लिहून घ्या."

"न्याबो!" नाकिट्टो किंचाळली. "मघाशी तर तुम्ही म्हणालात, घर माझं!"

"वालुसिंबीचं नाही, असं म्हणाले."

"माझी मुलं..."

"मी ऐकलं," अमोडिंगबाई म्हणाल्या. "त्यांची बाजूही ऐकली जाईल. कोर्टात."

बांधापाशी वालुसिंबी उभा राहून पाहत होता. त्याच्या मागे सायकलवाला होता, टोपीवाला होता, ते जोडपं होतं. ते आता एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले होते. कुणाच्या अंगणात मधोमध काय उगवलं आहे, ते आठवू लागले होते. दोघेजण हळूच घराकडे चालते झाले. तिसरा पळत गेला. मायांजा एकटाच हसत होता. त्याला या सगळ्यात एकच गोष्ट दिसली होती: सायकलीच्या बदल्यात जिंकलेला तो डाव अखेर सगळ्या गावासमोर त्याच्या नावावर लागला.

नाकिट्टो घरात धावली आणि कोयता घेऊन आली. कुणी तिला अडवलं नाही. तिने झाडावर पहिला घाव घातला तो वरच्या खाचेवर, दुसरा खालच्या. खोड कोवळंच होतं. शेंडा पडला, मग मधला भाग पडला. पुरावा नाहीसा करायचा होता तिला, की नुसताच राग होता, हे अमोडिंगबाईंना सांगता आलं नसतं. ती पडलेल्या खोडाचे तुकडे करत राहिली, आणि रडत राहिली, आणि प्रत्येक तुकड्यावर पिवळ्या पट्ट्याची पानं थरथरत राहिली.

जज्जा नालुमान्सी आपल्या चटईवर बसली. कारकुनाने अर्जावर तिचा अंगठा घेतला. तिने शाई पदराला पुसली आणि बराच वेळ नाकिट्टोकडे पाहिलं, एखाद्या सुनेला काम शिकवावं तसं.

"काप, पोरी, काप," ती म्हणाली. "लुवान्यी आहे ते. जितके तुकडे करशील, तितकी झाडं होतील."